आमची वाटचाल: मासेवाले ते पेशीवाले

आम्ही मुळात मासेवाले. बदलापूरजवळ शेड, कोलकात्याहून गोल्डफिश आणायचे, पोसायचे आणि कुर्ल्याच्या मार्केटला द्यायचे, एवढाच धंदा. एका डिसेंबरात थंडी पडली आणि चार दिवसांत तीन टाक्या साफ. वरून मासा ठणठणीत, पण कल्ला उचलून बघितला की पांढराफटक! मीठ, अँटिबायोटिक सगळं टाकून झालं. शेवटी पीसीआर (व्हायरसचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) केलं, तर सीवायएचव्ही-2, म्हणजे गोल्डफिशचा हर्पिसव्हायरस. जपानमध्ये 1992 लाच दिसलेला, आणि पाणी 15 ते 25 डिग्री असलं की याचा जोर, म्हणजे आपली हिवाळ्यातली टाकीच की.

बायको मायक्रोबायोलॉजीवाली. ती म्हणाली पीसीआर व्हायरस आहे एवढंच सांगतं, तो जिवंत आहे का, टाकी धुतल्यावर मेला का, हे बघायचं तर जिवंत पेशी लागतात, आणि हा पठ्ठ्या वाटेल त्या माशाच्या पेशीत नीट वाढत नाही, गोल्डफिशच्या किंवा त्याच्या जवळच्या भाऊबंद माशांच्या लागतात. झालं, दोन खोल्या घेतल्या, सेकंडहँड लॅमिनार (गाळलेल्या हवेचं, जंतू आत न येऊ देणारं काम करायचं कपाट) आणला. माशांच्या पेशींना एल-15 मीडियम (पेशी वाढवायचं द्रावण) चालतं, त्याला कार्बन डायऑक्साइड लागत नाही, त्यामुळे सीओटू इनक्युबेटरचा खर्च वाचला, 28 डिग्रीचा साधा इनक्युबेटर पुरतो. मीडियममध्ये सीरम (रक्तातून काढलेला, पेशींना पोसणारा द्रव) मात्र 20 टक्के लागायचं, खिसा तिथे फाटला.

शेपटीच्या पंखाचे मिलीमीटरभर तुकडे करून फ्लास्कला चिकटवायचे. पण माशाच्या अंगावर चिकट बुळबुळीत थर असतो ना, त्यातनं बुरशी आत. पहिले अकरा फ्लास्क ब्लीचमध्ये गेले. बाराव्यात तुकड्याभोवती काहीतरी पसरलेलं दिसलं, मी म्हटलं झालं, परत बुरशी, टाकतच होतो, तर बायकोने मला बाजूला सारून मायक्रोस्कोपचा फोकस फिरवला आणि गप्पच झाली. पेशी होत्या!

पण त्या पेशींची लाइन (एकाच तुकड्यापासून वाढवत नेलेल्या पेशी) सातव्या पॅसेजला, म्हणजे सातव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाटून घातल्यावर, बसली, वाढायचंच बंद. नंतरची मात्र तीस पार गेली, आता सीरमही 10 टक्क्यांवर भागतं.

लोक विचारतात, एनबीएफजीआरने (माशांच्या जनुकीय संपदेवर काम करणारी सरकारी संशोधन संस्था) फॅनटेल जातीच्या गोल्डफिशची लाइन 2020 मध्येच केलीय, मग तुम्ही कशाला? बरोबर आहे, त्यांचे पेपर वाचूनच तर शिकलो. व्हायरस आम्ही वाढवत नाही, ते मोठ्या लॅबचं काम, आम्ही फक्त पेशी देतो.

शेड अजून आहे. नवीन माल आला की आधी वेगळ्या टाकीत, आणि लाइट गेली की बायको पहिला फोन इनक्युबेटरच्या इन्व्हर्टरसाठी करते, माझ्या एअरपंपांचा नंबर नंतर.