पुलावरून आलेला फोन

रेड लेक हे कॅनडातलं, उत्तर-पश्चिम ओंटारिओतलं सोन्याच्या खाणींचं गाव. हायवे १०५ इथे येऊन संपतो. पुढच्या बहुतेक तळ्यांवर जायचं तर विमानच, तेही पाण्यावर उतरणारं. नवऱ्याच्या खाणीतल्या नोकरीमुळे सांगलीहून मी इथे आले आणि मासेमारीच्या सहली आखणाऱ्या एका ऑफिसात चिकटले. मासा मी आजही गळाला लावत नाही. लोकांना माशापर्यंत पोचवते.

आमची खरी धांदल जानेवारीत. बाहेर उणे तीस, तळं गोठलेलं, आणि अमेरिकेतल्या मिनेसोटा-आयोवाकडून जूनसाठी फोन. वॉलाय हा मासा धरायची मुभा मेच्या तिसऱ्या शनिवारपासून, पण लोकांच्या डोक्यात ती नाताळ संपताच सुरू होते. जिग (वजन लावलेला गळ) कुठल्या रंगाचा आणू, पाणी किती खोल, संध्याकाळी मासा काठाशी येतो का? (येतो. त्याचे डोळे अंधुक उजेडासाठीच बनलेले.) माझे प्रश्न वेगळे असतात. प्रत्येकाचं वजन किती? औषधं कोणती? आमिषाला जिवंत लीच, म्हणजे जळवा, घेऊन निघणार नाही ना? त्या सीमेवरच काढून घेतात, इथे आल्यावर विकत घ्यायच्या. आणि दारू पिऊन गाडी चालवल्याची एखादी जुनी केस?

शेवटच्या प्रश्नावर लोक हसतात. त्यांच्याकडे हा गुन्हा बऱ्याचदा किरकोळ धरतात: दंड भरला, वर्गाला बसलं, विषय संपला. कॅनडात डिसेंबर २०१८ पासून याच गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षांवर गेली, म्हणजे तो गंभीर गुन्ह्यांत मोडतो. त्यानंतरची केस असेल तर कितीही वर्षं लोटली तरी ती आपोआप माफ होत नाही. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षं झाल्यावर अर्ज करायचा आणि निकालाची वाट बघायची. तोवर तात्पुरता परवाना मिळू शकतो, पण तो अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

एका पार्टीत, म्हणजे सहलीला येणाऱ्या गटात, चौघे होते. आजोबा, त्यांचा मुलगा, तेरा वर्षांचा नातू आणि आजोबांचा जुना मित्र. फोनवर मुलानेच सगळं ठरवलं होतं. केसचं विचारलं तेव्हा तो पटकन ‘नाही’ म्हणाला. फोन स्पीकरवर होता, मागून आजोबांचा आवाज येत होता. आता वाटतं, असा प्रश्न घरच्यांसमोर विचारला की उत्तर एकच येणार.

निघायच्या दिवशी पहाटे आजोबांचा फोन आला. इंटरनॅशनल फॉल्सहून फोर्ट फ्रान्सिसला येणाऱ्या पुलापलीकडे, कॅनडाच्या चौकीत ते बसले होते. मुलाला आत घेत नव्हते. केस २०२१ची होती, आणि आजोबांना ती त्या बाकावर बसल्यावर कळली होती. त्याबद्दल ते एकच वाक्य बोलले आणि लगेच नातवावर आले. “आता याला एकट्या आजोबाबरोबर सोडतील का?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं. अल्पवयीन मूल आईबापांपैकी कोणी सोबत नसताना सीमा ओलांडत असेल तर संमतीपत्र मागतात. म्हणून मूल असलं की मी मार्चमध्येच नमुना पाठवते: दोघांच्या सह्या, दोघांचे फोन, सोबतच्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव. बाप स्वतः येतोय, मग कशाला हवं, असं त्याने तेव्हा विचारलंही होतं. मी म्हटलं, “नोंदणीच्या पाकिटात बघा, मासेमारीच्या लायसन्सच्या कागदांमागे.” पत्र निघालं. अधिकाऱ्याने आईला फोन लावला, बापाला तिथेच परत विचारलं. तो म्हणाला, जाऊ द्या. स्वतःची बॅग तेवढी उचलून तो अमेरिकेच्या बाजूला परत गेला. गाडी मित्राने चालवायला घेतली.

ते चार-पाच तासांचा रस्ता कापत होते तेव्हा इकडे माझ्या लक्षात दुसरी गोष्ट आली. अठराच्या आतल्या परदेशी मुलाला लायसन्स लागत नाही, पण मग त्याचे मासे सोबतच्या लायसन्सवाल्याच्या वाट्यात धरतात. नातू बापाच्या वाट्यात होता. बापाचं लायसन्स चार वॉलाय ठेवायचं. आजोबांनी घेतलेलं स्वस्तातलं, दोनाचं. म्हणजे आजोबा-नातवात मिळून दोन! पोरगं आल्या आल्या मी विचारलं, तुझं स्वतःचं काढायचं का? आजोबांनी पाकीट काढलं. चाराचा मालक झाल्यावर त्याच्या तोंडाला पहिल्यांदा रंग आला. त्यातला ४६ सेंटिमीटरवरचा एकच ठेवता येतो, हे त्याला माझ्याआधी पाठ होतं.

विमान मात्र उडेना. उत्तरेला वणवे पेटले होते, आणि तळ्याचा पलीकडचा काठ धुरात गेला होता. आमची बीव्हर विमानं नजरेच्या भरवशावर चालतात. दिसत नसेल तर धक्क्याला बांधून ठेवायची. १९४७ साली पहिल्यांदा उडालेली ही जात आमच्याकडे अजून एसटीच्या लाल डब्यासारखी राबते. धूर विरळ व्हायची वाट बघत आम्ही सामान काट्यावर चढवलं. वाणसामान, दोऱ्या, गळांचे डबे, मग माणसं. लोक स्वतःचं वजन सांगताना दहा-पंधरा पौंड हमखास खातात, म्हणून काट्यावर सगळ्यांना उभं करतोच. मुलगा आणि त्याची बॅग मिळून तीनशे पौंडांच्या आसपास जागा रिकामी झाली होती. मला वाटलं, पायलट म्हणेल चला, हलकं झालं. त्याने त्यातल्या निम्म्याअधिक वजनाचं इंधन भरून घेतलं. “पुढे धूर आडवा आला तर वळून परत यायला पुरलं पाहिजे.” चौघे असते तर एवढं इंधन घेताच आलं नसतं, आणि त्या दुपारी तो निघालाही नसता. हे मी आजोबांना सांगितलं नाही.

दोनच्या सुमारास धूर विरळ झाला आणि ते गेले. तळ्याकाठच्या केबिनवर फोन लागत नाही. उपग्रहावरून छोटे संदेश जातात, ते ऑफिसात येतात. संध्याकाळी पहिला आला, आजोबांचा: “पोचलो. नातवाने ५८चा धरला, सोडला. चार ठेवलेत. मुलाला विचारा, मीठ कुठे भरलंय?”

स्वयंपाक त्याच्याकडे होता. मी इंटरनॅशनल फॉल्सच्या मोटेलवर फोन केला. तो खूप वेळ हसला. मीठ, मिरपूड आणि मासा घोळवायचं पीठ, सगळं त्याच्या बॅगेत होतं, आणि बॅग त्याच्या खाटेवर.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुढच्या तळ्यावर एक पार्टी जायची होती. दुकानातून पीठ-मीठ आणून मी पायलटकडे दिलं. त्याने पिशवी हातात तोलली, आत आला, आणि वजनाच्या कागदावर शेवटच्या ओळीत लिहिलं: किराणा, पाच पौंड.