तुम्ही विचारलंत म्हणून: अन्न वाटणाऱ्यांनी नाव कशासाठी घ्यावे?

"तुमची संस्था गरजूंना अन्न देते, ते पुण्याचे काम आहे, मग काळ्या-गोऱ्यांच्या भानगडीत तुम्ही कशाला पडलात?" हा प्रश्न मला नांदेडला गेले की नातेवाईक विचारतात, आणि इथे अमेरिकेत मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात, जेवणाची ताटे हातात असताना, कुणीतरी हमखास विचारते. विचारणाऱ्यांच्या मनात वाकडे काही नसते, बहुतेकांना माझी काळजीच वाटत असते. आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय संपवत आले. या वेळी तुम्ही सविस्तर लिहून पाठवा असे म्हणालात, म्हणून लिहिते.

मिनिआपोलिस शहराच्या दक्षिण भागात मी एक लहान संस्था चालवते. मिनेसोटा राज्यात अशा केंद्राला 'फूड शेल्फ' म्हणतात. आठवड्यातून चार दिवस दार उघडते, आणि ज्याला गरज असेल त्याला पीठ, तांदूळ, डबाबंद घेवडा, दूध, अंडी, थोडी भाजी मिळते. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे उपाहारगृहे आणि दुकाने बंद झाली, तेव्हा आमची रांग इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरू लागली. कुणाला आत घेता येत नव्हते, त्यामुळे आम्ही मोटारीच्या डिकीत पेटी ठेवायची आणि दोन पावले मागे सरायचे, असा क्रम ठरला होता. कितीतरी चेहरे नवे होते: स्वयंपाकी, वेटर, हॉटेलातल्या खोल्या झाडणाऱ्या बायका, दारावरचे रखवालदार. ज्यांच्या मृत्यूमुळे मी या 'भानगडीत' पडले ते कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड हेही एका उपाहारगृहात रखवालीचे काम करत होते आणि त्याच दिवसांत त्यांचेही काम गेले होते. मराठीत त्यांच्याविषयी लिहिताना 'तो' म्हणायचे की 'ते', हे प्रत्येक वाक्यात ठरवावे लागते. मी 'ते' म्हणते.

२५ मे २०२०, सोमवारची संध्याकाळ. अडतिसावा रस्ता आणि शिकागो अव्हेन्यू जिथे मिळतात त्या कोपऱ्यावरच्या दुकानात २० डॉलरची खोटी नोट दिल्याच्या संशयावरून पोलीस आले. त्यांनी फ्लॉइड यांना बेड्या घालून रस्त्यावर पालथे पाडले, आणि डेरेक शोविन या अधिकाऱ्याने नऊ मिनिटांहून अधिक काळ त्यांच्या मानेवर गुडघा रोवून ठेवला. डार्नेला फ्रेझर या १७ वर्षांच्या मुलीने तेथे उभे राहून ते सगळे आपल्या फोनवर टिपले. तिने ते टिपले नसते तर जगाला काय कळले असते, याचा पुरावा उपलब्ध आहे. पोलीस खात्याने काढलेल्या पहिल्या निवेदनाचा मथळा, मराठीत आणायचा तर, 'पोलिसांशी संपर्कादरम्यान वैद्यकीय घटना, इसमाचा मृत्यू' असा होता. त्यात गुडघ्याचा उल्लेख कुठेही नव्हता.

बुधवारी सकाळी मी आमच्या देणगीदारांना आणि स्वयंसेवकांना एक पत्र पाठवले. त्यातली वाक्ये मला अजून पाठ आहेत: "आपल्या शहरात नुकत्याच घडलेल्या दुःखद घटनेने आम्ही व्यथित झालो आहोत. या कठीण काळात आपण सर्वांनी एकत्र राहू या." मला ते पत्र संयत आणि प्रौढ वाटले होते. आमच्या कोठाराचे काम पाहणारी सहकारी याच भागात जन्मलेली आणि वाढलेली कृष्णवर्णीय बाई आहे. तिने त्या पत्राचा कागद छापून घेतला आणि पेट्यांवर तारखा लिहायच्या जाड काळ्या पेनाने 'घटना' या शब्दाभोवती गोल काढून तो माझ्या टेबलावर ठेवला. ती ओरडली नाही. "मरताना तो आईला हाक मारत होता," ती म्हणाली, "आणि तू त्याचं नावसुद्धा लिहिलं नाहीस. पोलीस म्हणतात वैद्यकीय घटना, तू म्हणतेस दुःखद घटना. फरक मला सांग."

मला फरक सांगता आला नाही, आणि मला जे आठवले ते ऐकून तुम्हाला कदाचित आश्चर्य वाटेल. मला १९७८ आठवले. त्या वर्षी जुलैत विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या, माणसे मारली गेली, कितीतरी कुटुंबांनी अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडले. मी आठ वर्षांची होते. आमच्या गावात ओढ्यापलीकडची घरे जळाली. आम्ही सवर्ण होतो, आमच्या वाड्याला झळ लागली नाही. घरात त्या दिवसांविषयी एकच वाक्य बोलले जाई, "तिकडे गडबड झाली." कोणी केली, कोणावर केली, कोणाचे काय गेले, यांतले काहीही त्या वाक्यात नव्हते. पुढे वर्तमानपत्र वाचू लागले तेव्हा 'अनुचित प्रकार', 'तणावपूर्ण शांतता', 'दोन गटांत वाद' हे शब्द ओळखीचे झाले. हे सगळे शब्द म्हणजे त्या 'गडबडी'चेच छापील रूप आहे, हे मला पन्नासाव्या वर्षी, सातासमुद्रापलीकडच्या एका टेबलापाशी, दुसऱ्या कुणीतरी काढलेल्या गोलामुळे समजले.

संध्याकाळी मी दुसरे पत्र पाठवले. मिनिआपोलिसच्या पोलीस अधिकाऱ्याने जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव घेतला, असे त्यात सरळ लिहिले. सकाळच्या पत्रात मी नाव टाळले ही माझी चूक होती, हेही लिहिले. पुढे २० एप्रिल २०२१ रोजी ज्युरीने शोविनला खुनाच्या आरोपाखाली दोषी ठरवले, पण ते पत्र पाठवताना मला निकालाची वाट पाहायची नव्हती.

नंतरच्या रात्रींविषयी फार लिहीत नाही, कारण दूरचित्रवाणीने आगीच तेवढ्या दाखवल्या. गुरुवारी रात्री लेक स्ट्रीटवरचे तिसऱ्या विभागाचे पोलीस ठाणे जळाले. आसपासची मोठी किराणा दुकाने आणि औषधांची दुकाने बंद पडली, दोन टपाल कार्यालये भस्मसात झाली, संचारबंदी लागली, बसगाड्या थांबल्या. जवळचेच 'गांधी महल' हे बांगलादेशी कुटुंबाचे उपाहारगृह जळाले. त्यांनी जखमींवर उपचार करायला जागा उघडून दिली होती, आणि 'माझी इमारत जळू दे, न्याय झाला पाहिजे' अशा अर्थाचे त्याच्या मालकाचे बोलणे शहरभर झाले. दुकानांच्या काचांवर ठोकलेल्या प्लायवूडवर लोक रंगाने लिहीत होते, 'वरच्या मजल्यावर मुलं राहतात.' आमच्याकडे एक आजी फक्त रंगाचा डबा मागायला आली होती. बाकीच्यांनी मागितले ते डायपर, बाळाच्या दुधाची पावडर, सॅनिटरी पॅड, साबण. तांदळाच्या पोत्यांवर सकाळी राखेचा पातळ थर दिसे, आणि पोते उचलले की हाताचे ठसे त्यावर स्पष्ट उमटत.

अन्न मात्र कमी नव्हते, हे मुद्दाम सांगते. ३१ मे रोजी सॅनफर्ड माध्यमिक शाळेने ८५ पिशव्या किराण्यासाठी आवाहन केले, तर मोटारींची रांग लागून हजारो पिशव्या जमा झाल्या. श्रीमंत उपनगरे तिथून अर्ध्या तासावर होती आणि त्यांच्या फडताळांत सगळे काही होते. प्रश्न होता तो आमच्या भागातल्या माणसांच्या घरात ते का नव्हते, याचा. आणि या प्रश्नाला वंशाचे नाव न घेता उत्तर देता येत नाही.

याच मुद्द्यावर आमच्या विश्वस्त मंडळात वाद झाला. एका विश्वस्तांचे म्हणणे होते की आपण करमुक्त संस्था आहोत, आपल्याला राजकारण करता येत नाही. कायदा मी काळजीपूर्वक वाचला होता. अशा संस्थेला निवडणुकीतल्या उमेदवाराची बाजू घेता येत नाही किंवा त्याला विरोध करता येत नाही. एका माणसाचा जीव कोणी घेतला हे सांगायला तो मनाई करत नाही. मग मी त्यांच्यापुढे जुन्या खरेदीखतांच्या नकला ठेवल्या. १९१० पासून पुढची काही दशके या शहरातल्या हजारो घरांच्या खतांत असे कलम असे की ही मालमत्ता कृष्णवर्णीयाला, आणि अनेक खतांत आशियाई वंशाच्या माणसालाही, विकता किंवा भाड्याने देता येणार नाही. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने घराबाबतच्या अशा भेदभावाला बंदी घातली. विद्यापीठातल्या संशोधकांनी ही कलमे शोधून त्यांचे नकाशे केले आहेत. शेजारच्या सेंट पॉलमध्ये रोंडो ही कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती महामार्गासाठी मधोमध चिरली गेली. अमेरिकेत मध्यमवर्गाची पुंजी म्हणजे घर. २०२० च्या सुमारास मिनेसोटात गोऱ्या कुटुंबांपैकी चारांतल्या तिघांकडे स्वतःचे घर होते, कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी चारांतल्या जेमतेम एकाकडे. ज्याच्याजवळ घर नाही, त्याचा पगार थांबला की महिन्याभरात तो आमच्या रांगेत येतो. आमची रांग कुठून सुरू होते हे मी त्या कागदावर बोट ठेवून दाखवू शकत होते.

विश्वस्तांनी माझ्या दुसऱ्या पत्राला संमती दिली. एक जुने देणगीदार मात्र आम्हाला सोडून गेले, आणि त्यांच्या जाण्याने त्या वर्षी आमचे शीतगृह दुरुस्त व्हायचे राहिले. याचा मला सल नाही असे म्हणणे खोटे ठरेल.

नाव घेतले की काम संपत नाही, हे मला जून महिन्याने शिकवले. देशभरातून इतका पैसा येऊ लागला की आमच्या लेखनिकांना पावत्या पुऱ्या पडेनात. त्यातला बराच पैसा आमच्याकडे आला तो आमची संस्था नोंदणीकृत होती, तिचे लेखापरीक्षण झालेले होते आणि तिची प्रमुख सफाईदार इंग्रजी बोलत होती म्हणून. दोन गल्ल्या पलीकडे, चर्चच्या तळघरात रोज जेवण रांधणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांच्या गटाजवळ यातले काहीही नव्हते. आम्ही एक वेगळा निधी बाजूला काढला आणि तो कोणाला द्यायचा हे ठरवायला परिसरातल्याच सात जणांची समिती नेमली. त्या समितीत मला मत नव्हते. मराठी माणसाला सल्ला न देता गप्प बसणे किती कठीण जाते ते तुम्ही जाणताच, पण त्या समितीने घेतलेला एकही निर्णय मी घेतला असता त्यापेक्षा वाईट नव्हता, आणि काही मला सुचलेही नसते: अंत्यविधीचा खर्च, जळालेल्या सलूनच्या खुर्च्या, एका आजोबांचे थकलेले वीजबिल. दोन वर्षांत देणग्यांचे फोन थांबले. रांग थांबली नाही. २०२३ साली मिनेसोटातल्या फूड शेल्फना लोकांनी सुमारे ७५ लाख वेळा भेट दिली, इतकी गर्दी पूर्वी कधीच झाली नव्हती.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो तुम्ही उघड विचारत नाही: आपला भारतीयांचा यात संबंध काय? १९४६ पर्यंत अमेरिकेची दारे भारतीयांना जवळजवळ बंद होती, आणि त्यानंतर वर्षाला अवघे १०० जण येऊ शकत. १९६५ च्या कायद्याने देशनिहाय कोटा रद्द झाला, आणि तो झाला कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने त्या देशाला आरसा दाखवल्यावर. मी इथे आले ती त्या वाटेने. आणि जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. ही नाळ दीडशे वर्षांपूर्वीच जोडलेली होती, मला ती शाळेत कुणी दाखवली नाही. आणखी एक गोष्ट मला झोपू देत नाही. त्या संध्याकाळी शोविनबरोबर जे अधिकारी होते, त्यांतला एक आशियाई वंशाचा, ह्मोंग समाजातला होता. त्याने फ्लॉइड यांना हात लावला नव्हता; तो जमावाला थोपवत उभा होता. पुढे त्यालाही शिक्षा झाली. त्या चित्रफितीत मला माझी जागा दिसते ती तिथे.

माझी आई आता ८६ वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत मी घरी गेले होते तेव्हा तिने तोच प्रश्न विचारला, आणि मी तिला त्या जाड पेनाच्या गोलाची गोष्ट सांगितली. मग ओढ्यापलीकडच्या घरांविषयी विचारले. ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग तिने एक नाव घेतले. आमच्या अंगणात शेणाने सारवायला येणाऱ्या बाईचे ते पूर्ण नाव होते, नवऱ्याच्या नावासकट. माझ्यासमोर तिने ते पूर्वी कधीच उच्चारले नव्हते. त्यांना दोन मुली होत्या, धाकटी माझ्याएवढी होती, असे ती म्हणाली. ते पुढे परभणीला गेले की मुंबईला, हे मात्र तिला सांगता येईना.