मेण जमलं, सुगंध जमला, वातीने मात्र घाम काढला

घरी सुगंधी मेणबत्ती करायची म्हटलं की जो तो मेणाबद्दल आणि सुगंधाबद्दल भरभरून सांगतो. सोया घ्या, तेल अमुक टक्के घाला, तमुक तापमानाला ओता. आणि मग शेवटी एक ओळ येते, ‘पेल्याच्या व्यासानुसार योग्य ती वात निवडा.’ त्या ओळीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. बाकी सगळं पटापट हाताखालून गेलं आणि या एका ओळीने मला कित्येक आठवडे जागेवरून हलू दिलं नाही. म्हणून हा अनुभव लिहितेय, आणि तो बराचसा वातीचाच आहे.

सोपं तेवढं आधी उरकते. पातेल्यात पाणी, पाण्यात दुसरं भांडं, त्या भांड्यात मेण. थेट आचेवर मेण ठेवायचं नाही. पाण्यावर ठेवलं की ते शंभर अंशांच्या वर जात नाही आणि भडका उडण्याची भीती खूप कमी होते. थर्मामीटर हवा आणि ग्रॅम दाखवणारा वजनकाटा तर हवाच. सुगंधी तेल चमच्याने किंवा मिलिलिटरने मोजू नका, प्रत्येक तेलाची घनता वेगळी असते. १०० ग्रॅम मेणाला ८ ग्रॅम तेल म्हणजे ८ टक्के, एवढा साधा हिशोब. सोया मेणात बहुतेक वेळा ६ ते १० टक्के तेल मावतं. मेण ८० ते ८५ अंशांवर असताना तेल घालायचं, दोन मिनिटं सावकाश ढवळायचं आणि पाकिटावर दिलेल्या तापमानाला उतरलं की ओतायचं. माझं सोया मेण ५५ ते ६०च्या दरम्यान छान बसतं.

मेणांबद्दल थोडं. सोया मऊ असतं, साधारण ५० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून ते पेल्यातच शोभतं. थंड झाल्यावर त्यावर पांढरी बुरशीसारखी नक्षी उठते. ती मेणाचे स्फटिक जमल्यामुळे येते आणि तिने जळण्यात काही फरक पडत नाही. पॅराफिन पेट्रोलियमपासून येतं. सुगंध जोरात फेकतं, पण थंड होताना आकसतं, आणि वातीभोवती खड्डा पडतो. थोडं मेण बाजूला ठेवून, सळईने दोन-तीन भोकं पाडून दुसऱ्यांदा ओतलं की खड्डा भरून येतो. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. त्याला स्वतःचाच मधाचा वास असतो, त्यामुळे त्यात नाजूक फुलांचे सुगंध घालण्यात अर्थ नाही, ते दबून जातात. नारळाचं मेण एकटं फार मऊ, दुसऱ्या मेणात मिसळूनच वापरतात.

हे एवढं कळायला फारसा त्रास पडला नाही. आता वात.

वातींसोबत एक तक्ता मिळतो. डावीकडे पेल्याचा आतला व्यास, उजवीकडे वातीचा नंबर. माझे सगळे पेले सारखे, आतून ७ सेंटीमीटर. तक्त्यात बघितलं, नंबर घेतला, त्याच वाती मागवल्या. लव्हेंडर घातलेली सोयाची मेणबत्ती त्या वातीवर झकास जळली. ज्योत स्थिर, मेण हळूहळू काठापर्यंत वितळलं, खोलीभर वास. मला वाटलं, झालं काम. मग तोच पेला, तेच मेण, तीच वात, तेवढेच टक्के तेल, फक्त लव्हेंडरच्या जागी व्हॅनिला.

तासाभराने वातीभोवती नाण्याएवढं मेण वितळलेलं होतं. दोन तासांनी ते थोडं रुंदावलं आणि थांबलं. काठाला बोटभर जाडीचं घट्ट मेणाचं कडं तसंच उभं. ज्योत बसकी, पिवळसर. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली तेव्हा वात त्या खड्ड्यात खोल गेलेली, वितळलेलं मेण चारही बाजूंनी वातीवर आलं आणि ज्योत बुडून विझली. वास तर काहीच नाही. नाक पेल्याजवळ नेलं तर व्हॅनिला, दोन हात लांब गेलं की कोरी हवा.

आता वास येत नाही म्हटल्यावर सगळीकडून एकच सल्ला मिळतो, तेल वाढवा. हा सल्ला या बाबतीत साफ उलटा आहे, आणि मी हे ठासून सांगतेय. मेणबत्तीत मुख्यतः वात जळत नाही, मेण जळतं. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, वातीच्या धाग्यांमधून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. सुगंध मुख्यतः पसरतो तो वितळलेल्या मेणाच्या पृष्ठभागावरून. वात कमी पडली की वितळलेल्या मेणाचं तळं लहान, आणि तळं लहान म्हणजे सुगंध कमी. काही तेलं जड असतात, व्हॅनिला त्यातलंच, ती धाग्यांमधली वाट अडवतात. अशात तेल आणखी वाढवलं तर वात आणखी तुंबते. वास येत नसेल तर आधी वातीकडे बघा, तेलाच्या बाटलीकडे नंतर.

त्याच तक्त्यातली तीच वात मी पॅराफिनमध्ये लावली. तिथे नेमकं उलटं. ज्योत उंच, लपलपणारी, पेल्याच्या तोंडाशी काळी काजळी, आणि वातीच्या टोकावर कोळशाचा गड्डा फुललेला. पेला हातात धरवेना इतका तापला. आणि मधमाश्यांच्या मेणात तीच वात जेमतेम जीव धरून होती, कारण ते मेण घट्ट, वितळायला जास्त उष्णता मागणारं. एक पेला, एक व्यास, एक वात, आणि तीन मेणांत तीन तऱ्हा. तरी तक्त्यात मेणाचा रकानाच नाही! तेलाचा नाही, रंगाचा नाही. नुसत्या व्यासावर वात ठरवायची म्हणे.

जिथून वाती घेतल्या तिथे मी हे सगळं सविस्तर विचारलं, फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘तक्त्याप्रमाणे घ्या.’ पुन्हा विचारलं, पुन्हा तोच तक्ता. मग वेगवेगळ्या मालिकांच्या वातींचे नमुने मागवले, तर आणखी एक गुंता. एका मालिकेतली १० नंबरची वात आणि दुसऱ्या मालिकेतली १० नंबरची वात यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. विणीची तऱ्हा वेगळी, गाभ्याला कागद की सूत हे वेगळं, जाडी वेगळी. नंबर फक्त त्या-त्या मालिकेच्या आत लहान-मोठं सांगतो. हे कुठेतरी ठळक लिहायला नको का?

आणि या सगळ्यावर कहर म्हणजे थांबणं. सोया मेणबत्ती ओतली की एक ते दोन आठवडे मुरू द्यावी लागते, तेव्हा तिचा खरा सुगंध कळतो. पॅराफिनला काही दिवस पुरतात. मुरल्यावर चार तास जाळायची, पूर्ण थंड होऊ द्यायची, वात कापायची, पुन्हा चार तास. असं तळापर्यंत. म्हणजे एक वात चुकीची आहे हे कळायला एवढा काळ, आणि मग पुढची वात, पुन्हा ओतणं, पुन्हा मुरवणं. त्या काळात माझ्या कपाटात अर्धवट जळलेल्या पेल्यांची रांग लागली होती आणि प्रत्येकाच्या बुडाला चिठ्ठी. ती चिठ्ठी मात्र नक्की चिकटवा. मेण, तेल, टक्के, वात, ओतल्याची तारीख. चार पेले एकसारखे दिसायला लागले की काही आठवत नाही.

सुटका झाली ती एका साध्या युक्तीने. पेले वातीशिवाय ओतायचे. मेण घट्ट झालं की मधोमध बारीक सळईने तळापर्यंत सरळ भोक पाडायचं आणि त्यात मेणात बुडवून कडक केलेली वात खोचायची. तीन-चार तास जाळून बघायची. पटली नाही तर मेण मऊ असतानाच चिमट्याने ओढून काढायची, वरचा भाग हेअर ड्रायरच्या गरम हवेने सपाट करायचा, थंड होऊ द्यायचं, पुन्हा भोक, पुढचा नंबर. एकाच पेल्यात कितीतरी वाती तपासून होतात. सुगंधाचा शेवटचा निकाल मुरल्यावरच लागतो, पण कोणती वात अगदीच लहान आणि कोणती अगदीच मोठी हे लगेच कळतं. या युक्तीने माझे पुढचे महिने वाचले आणि ती सापडली तेव्हा जो आनंद झाला तो मेणबत्ती जळण्याच्या आनंदापेक्षा मोठा होता.

तपासताना काय बघायचं? दर तासाला तळ्याचा व्यास, ज्योतीची उंची, काजळी, टोकावरचा गड्डा. चार तासांनी तळ्याची खोली साधारण एक सेंटीमीटर असावी, त्याहून फार खोल म्हणजे वात मोठी. आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्याच जळण्यात मेण काठापर्यंत वितळलंच पाहिजे असं जे सगळे सांगतात, ते वाती तपासताना माझ्यापुरतं मी सोडून दिलं. पेला भरलेला असताना काठाला मेणाचा पातळ थर राहिला तर राहू दे. मेणबत्ती खाली उतरते तशी ज्योत पेल्याच्या आत जाते, काच तापते, आणि तो थर आपोआप वितळून खाली येतो. पहिल्याच दिवशी काठ गाठणारी वात अर्ध्या पेल्यानंतर भडकू शकते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून ठरवलेली वात एकदा वरपासून तळापर्यंत जाळून बघितल्याशिवाय कुणाला मेणबत्ती देऊ नये.

शेवटी माझ्याकडे जे ठरलं ते असं. लव्हेंडर-सोयाला तक्त्यातलीच वात, व्हॅनिला-सोयाला त्याच मालिकेतली दोन नंबर मोठी, पॅराफिनला एक नंबर लहान, आणि मधमाश्यांच्या मेणाला चौकोनी विणीची जाड सुती वात. तुमचा पेला, तुमचं तेल वेगळं, म्हणून हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. पण क्रम उचला. आधी पेला, मेण, तेल, रंग हे सगळं पक्कं करा आणि वात सर्वांत शेवटी ठरवा. यातलं काहीही बदललं की वात पुन्हा तपासा.

रंगावरून आठवलं. खडूचे रंग किंवा चमचमणारी पूड मेणात घालू नका. ते विरघळत नाहीत, कण वातीत जाऊन बसतात. मेणबत्तीसाठीचे, मेणात विरघळणारे रंग मिळतात, तेच घ्या. व्हॅनिलामुळे पांढरं मेण काही दिवसांत पिवळट-तपकिरी होतं, ते त्यातल्या व्हॅनिलिनमुळे, त्यावर रंगाचा उपाय शोधत बसू नका. अंगाला लावायचा स्प्रे परफ्यूम तर अजिबात नको, त्यात अल्कोहोल असतं. आणि तेलाच्या बाटलीवर ‘फ्लॅश पॉइंट’ लिहिलेला असतो, त्या तापमानाला सुगंध उडून जातो असा एक समज आहे. तसं नाही. त्या तापमानाला तेलाची वाफ ज्योतीने पेट घेऊ शकते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून वितळलेल्या मेणात तेल मिसळताना जवळ आच नको.

सुती वात दर वेळी लावण्याआधी ५-६ मिलिमीटर ठेवून कापा. लाकडी वात त्याहून आखूड, ३ ते ५ मिलिमीटर. लाकडी वातीचा तडतड आवाज फार सुंदर, पण ती सतत विझते अशी तक्रार असते. बहुतेकदा ती लांब राहिलेली असते. वर जळलेला कोळसा चिमटीने मोडून टाका, लगेच धरते. विणलेल्या वातीबद्दल मला खरोखर कौतुक वाटतं. १८२५ साली फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी ती काढली. त्याआधीच्या पिळाच्या वाती सारख्या कापत बसावं लागे. विणलेली वात जळताना वाकते, तिचं टोक ज्योतीच्या तापलेल्या कडेला जातं आणि तिथे जळून संपतं. जुन्या साठ्यातल्या, आत धातूची तार असलेल्या वाती मिळाल्या तर वापरू नका. पूर्वी काहींत शिसं असे, अमेरिकेत तर २००३ साली त्यावर बंदी आली.

वात मधोमधच हवी. बुडाची चकती चिकटवल्यावर वरचं टोकही आडव्या काडीत धरून सरळ ठेवा. एका बाजूला कललेली वात एकच बाजू तापवते आणि काच तडकू शकते. पेला रुंद असेल, १० सेंटीमीटर वगैरे, तर एका जाड वातीपेक्षा दोन बारीक बऱ्या. मेणाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, आच बंद करून झाकण घालायचं. मेणबत्ती चार तासांपेक्षा जास्त सलग नको, आणि तळाशी एक सेंटीमीटर मेण उरलं की थांबायचं.

ते उरलेलं मेण आणि तपासणीतले फसलेले पेले फेकू नका. पेला गरम पाण्यात ठेवला की मेण सुटतं. एकाच मेणाचं, एकाच सुगंधाचं एकत्र करून गाळून घ्या आणि पुढच्या वाती तपासायला वापरा. मेणाचं पाणी बेसिनमध्ये मात्र ओतू नका, थंड होऊन ते नळीतच जमतं. आधी गार होऊ द्या, वर आलेला मेणाचा थर उचलून घ्या, मग पाणी टाका.