वाघ एकच, मग तो कुणी मोजायचा?

आसाममधलं मानस आणि भूतानमधलं रॉयल मानस, ही दोन्ही नॅशनल पार्क एकमेकांना अगदी खेटून आहेत. समजा एक वाघ संध्याकाळी इकडे दिसला आणि पहाटे तिकडे, इकडच्या वनखात्याने तो आपल्या यादीत घातला आणि तिकडच्यांनीही घातला, की कागदावर वाघ झाले दोन आणि जंगलात मात्र एकच! म्हणून तिथे दोन्हीकडच्या लोकांनी मिळून कॅमेरा ट्रॅप लावले, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक कॅमेरा, कारण वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे वेगळे आणि उजव्या अंगावरचे वेगळे, आणि मग दोन्ही देशांतले फोटो शेजारी शेजारी ठेवून पट्टा न् पट्टा जुळवत बसायचं. किचकट काम आहे, पण मला विचाराल तर शेजारी देशांचं सहकार्य म्हणतात ते हेच.

करार, सह्या, झेंडे हे सगळं लागतंच, नाही असं नाही. कॅनडा आणि अमेरिकेने तर १९३२ सालीच वॉटरटन आणि ग्लेशियर ही दोन पार्क जोडून जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय पीस पार्क, म्हणजे दोन देशांच्या मैत्रीचं पार्क केलं. पण खरा कस लागतो तो मोजणीत, कारण मोजणी एकत्र करायची म्हणजे आपला आकडा दुसऱ्याला दाखवावा लागतो, तो कमी भरला तरी.

वाडन समुद्राचंच बघा ना. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्याला लागून हा उथळ, चिखलाचा पट्टा आहे, तिघांचं एकत्र काम १९७८ पासून चालू आहे. १९८८ मध्ये रोगाची साथ आली आणि तिथले निम्म्याहून जास्त सील मेले, त्यानंतर तिघांनी सीलसाठी वेगळा करार केला. आता ठरलेल्या दिवसांत, ओहोटीच्या वेळी, सील वाळूच्या पट्ट्यांवर येऊन पहुडले की तिन्ही देशांची विमानं वरून जाऊन मोजतात. वेळा ठरवून घ्यायच्या, कारण आज एकाने मोजलं आणि चार दिवसांनी दुसऱ्याने, तर मधल्या काळात सील कुठल्या कुठे पोचलेले असतात.

आणि विरुंगा! तिथे माउंटन गोरिला राहतात, डोंगर एकच पण देश तीन, काँगो, रवांडा आणि युगांडा. त्या भागाने १९९० नंतर काय काय बघितलंय, नरसंहार, युद्धं, निर्वासितांचे लोंढे, आणि तरीही तिन्हीकडचे रेंजर एकमेकांशी बोलत राहिले, मला याचं फार म्हणजे फार कौतुक वाटतं. गोरिला रोज रात्री झोपायला नवं घरटं करतो, मोजणाऱ्या टीम ती घरटी शोधत डोंगर पालथा घालतात, तिथली विष्ठा गोळा करतात आणि डीएनएवरून ठरवतात की हा तोच की दुसरा. २०१० मध्ये विरुंगाच्या डोंगरात ४८० गोरिला होते, २०१५-१६ च्या मोजणीत ६०४ निघाले. हा आकडा एकट्या कुणाचाच नाही, तिघांचा आहे.

सुंदरबनचं मात्र वाईट वाटतं. तेच पाणी, तीच खारफुटी, पण जागतिक वारसा यादीत भारताचा भाग १९८७ ला गेला आणि बांगलादेशचा १९९७ ला, दोन वेगळ्या नोंदी. २०११ मध्ये दोन्ही देशांनी सुंदरबनसाठी सामंजस्य करार केला हे चांगलंच झालं, पण नोंदी अजून वेगवेगळ्याच आहेत.

उलटं उदाहरण आहे पोलंड आणि बेलारूसमधल्या बियालोवीझाचं. तिथे वारसा यादीत नोंद एकच, जंगलही एकच, जंगलातून संपलेले बायसन, म्हणजे युरोपातले रानबैल, माणसांनी पाळून वाढवून पुन्हा सोडले ते याच जंगलात. पण सीमेवर सोव्हिएत काळापासून कुंपण होतंच, त्यात २०२२ मध्ये पोलंडने साडेपाच मीटर उंच पोलादी भिंत बांधली. कारण माणसांच्या भांडणाचं होतं, निर्वासितांचा प्रश्न, त्यात कोण बरोबर कोण चूक यात मी इथे शिरत नाही. पण तिथल्या लिंक्सने, म्हणजे मोठ्या रानमांजराने, काय करायचं? जोडीदार पलीकडे असला तर ती भिंत काही त्याला ओलांडता येणार नाही. भिंत पडेल तेव्हा पडेल, तोवर निदान दोन्हीकडच्या बायसनची आणि लिंक्सची नोंद तरी एका वहीत व्हावी असं फार वाटतं.