‘चालतंय की’ म्हणत चालवलेलं सॉफ्टवेअर

गेल्या पावसाळ्यात गिरगावातल्या आमच्या वाचनालयात खोताच्या वाडीतल्या एक बाई सभासद व्हायला आल्या. आडनाव डिसोझा. इंग्रजीत ते लिहिताना डी नंतर वरचा स्वल्पविराम येतो. देवघेवीच्या टेबलावरच्या ताईंनी नाव जसंच्या तसं टाइप केलं, ‘जतन करा’ दाबलं आणि स्क्रीनवर पांढऱ्या पानावर चार ओळी इंग्रजी मजकूर उमटला. ताईंनी मला हाक मारली. नोकरीतून उरलेल्या वेळात तिथले कॉम्प्युटर मी बघतो.

तो मजकूर वाचून पोटात गोळाच आला. डेटाबेसला गेलेली अख्खी आज्ञा, टेबलाच्या नावासकट, समोर दिसत होती. म्हणजे खोक्यात जे टाइप होईल ते कुठेही न गाळता थेट डेटाबेसपर्यंत पोचत होतं. डेटाबेसच्या आज्ञेत वरचा स्वल्पविराम म्हणजे मजकूर संपल्याची खूण. साध्या आडनावातल्या त्या चिन्हाने आज्ञा मोडते, तर मुद्दाम रचलेल्या ओळीने सगळ्या सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर बाहेर काढता येतील, पुसूनही टाकता येतील. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. पुस्तक शोधायच्या खोक्यातही तेच होत होतं, आणि ते खोकं घरबसल्या पुस्तक शोधता यावं म्हणून आम्ही इंटरनेटवर खुलं ठेवलेलं. मी उभ्याउभ्याच बाहेरचा कॅटलॉग बंद केला. बाईंचं नाव त्या दिवशी वहीत लिहून घेतलं.

सॉफ्टवेअर मोफत, ओपन सोर्स, २०१३ साली एका हौशी सभासदाने बसवून दिलेलं. त्याचं नाव मी इथे देत नाही, कारण काही ठिकाणी ते अजून चालू आहे. रात्री घरी येऊन गिटहबवरचं, म्हणजे सॉफ्टवेअरचा कोड ठेवायच्या साइटवरचं, त्याचं पान उघडलं. शेवटचा बदल २०१६चा. खाली तक्रारींची रांग, आणि त्यात आम्हाला सापडलेलं हेच भोक कुणीतरी चार वर्षांपूर्वी नीट समजावून कळवलेलं. त्याला एका शब्दाचंही उत्तर नव्हतं. आणि पानाच्या माथ्यावर मात्र ठळक अक्षरांत: स्थिर आवृत्ती, वापरासाठी तयार. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. आमच्यासारख्या वाचनालयात ते पान वाचून विश्वास टाकणारे लोक असतात, कोड वाचणारे नसतात.

अशा सॉफ्टवेअरचा दुसरा त्रास उशिरा कळतो. त्याच्यामुळे खालचं सगळंच जुनं राहतं. ते पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं. डेटाबेसशी बोलायला त्या भाषेतली जी जुनी फंक्शनं ते वापरायचं, ती २०१५ साली आलेल्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकली होती. म्हणून आम्ही सर्व्हर पीएचपी ५ वर अडवून ठेवलेला, आणि त्या मालिकेतल्या शेवटच्या आवृत्तीचेही सुरक्षा अपडेट २०१८ अखेर थांबले. एक वीट काढायची तर भिंतच उतरवावी लागणार होती.

मी विकसकाला ईमेल लिहिलं. भोक कुठे आहे ते त्यालाच सांगितलं, बाहेर कुठे लिहिलं नाही. एकोणीस दिवसांनी उत्तर आलं. नोकरी बदलली, घरी आजारपण, आज बघू उद्या बघू करत वर्षं गेली. बंद केलं असं लिहायला मन झालं नाही, असं त्याने मोकळेपणाने लिहिलं. मला त्याचा राग आला नाही. फुकट दिलेल्या वस्तूची जन्मभर दुरुस्ती त्याने करावी असा माझा हक्क नाही. पण ‘आता याकडे कोणी बघत नाही’ एवढी एक ओळ वापरणाऱ्याला मिळायला हवी, यावर मी ठाम आहे. मे २०१४ मध्ये ट्रूक्रिप्ट या डेटा कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम थांबलं तेव्हा त्याच्या पानावर लाल अक्षरांत लिहिलं होतं की हे वापरणं सुरक्षित नाही, आणि डेटा दुसरीकडे कसा हलवायचा त्याच्या पायऱ्याही दिल्या होत्या.

दुसऱ्या कुणाला ताबा द्या, असंही मी सुचवणार होतो. ऑफिसातल्या मित्राने अडवलं. त्याने २०२४ साली एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं जे झालं त्याची आठवण दिली: थकलेल्या एकट्या विकसकाला दोन वर्षांहून जास्त मदत करून कुणीतरी विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरवाट घातली. ती उघडकीला आली ती आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला म्हणून. तेव्हा ताबा नको, फक्त सूचना लावा, असं मी कळवलं. त्याच आठवड्यात पानाच्या माथ्यावर सूचना आली आणि प्रकल्प अर्काइव्ह झाला, म्हणजे फक्त वाचण्यापुरता उरला.

आम्ही कोहा निवडलं. न्यूझीलंडमधल्या वाचनालयांसाठी बनलेलं, जानेवारी २०००पासून वापरात असलेलं सॉफ्टवेअर; नाव माओरी भाषेतलं, अर्थ भेट. या वेळी मी आधी तारखा बघितल्या. नवी आवृत्ती किती दिवसांनी येते, तक्रारींना उत्तर कोण देतं, एकाच माणसावर सगळं उभं आहे का.

हलवताना खरी दमछाक मराठी नावांनी केली. जुन्या डेटाबेसमधून यादी काढली तर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन परकी चिन्हं. युनिकोडचा मजकूर लॅटिन समजून साठवलेला होता. बाहेर काढतानाही लॅटिन म्हणूनच काढला आणि आत घेताना युटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवायची पद्धत, सांगितलं, तेव्हा ‘ज्ञानेश्वरी’ पुन्हा ज्ञानेश्वरीसारखी दिसली. त्याआधी तीन रविवार गेले.

मग इतरांना सांगणं. तेच सॉफ्टवेअर वापरणारी आणखी पाच वाचनालयं ओळखीओळखीतून सापडली, परळपासून मुलुंडपर्यंत. फोनवर कुणी मनावर घेतलं नाही. परळच्या ग्रंथपाल काकांनी चहा पाजला आणि म्हणाले, “अहो, इतकी वर्षं चालतंय की! कोण येतंय आमच्याकडे चोरायला?” मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर शोधाच्या खोक्यात एकच वरचा स्वल्पविराम टाइप करायला लावला. पांढरं पान उमटलं. त्यात आपल्या सभासदांच्या टेबलाचं नाव त्यांनी स्वतः मोठ्याने वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “आज बंद करता येईल का?”

बाहेरची वाट तेव्हाच बंद केली. दाखल नोंदवहीतली नऊ हजार पुस्तकं हलवायची आहेत. या रविवारी लॅपटॉप घेऊन पुन्हा परळला जातोय. काकांनी कपाटातून जुन्या वह्या काढून ठेवल्यात.