तुम्ही विचारलंत म्हणून: मळा का विकत नाही?

2025 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका कॉफीने पौंडामागे चार डॉलरचा टप्पा ओलांडला, आणि तेव्हापासून नातेवाईक, मित्र आणि माल घ्यायला येणारे व्यापारी मला एकच प्रश्न विचारत आहेत: भाव इतका चढला आहे, मुलगी दुसऱ्या व्यवसायात स्थिरावली आहे, तुम्हाला उतार चढवत नाही, मग कॉफीचा मळा विकून मोकळे का होत नाही? आजवर मी ‘बघू’ म्हणून विषय टाळला. त्याचा अर्थ लोकांनी हट्ट असा लावला, म्हणून सविस्तर लिहितो.

चढ्या भावात विकण्याचा सल्ला देणाऱ्यांना झाडाचा हिशेब माहीत नसतो. रोप जमिनीत गेल्यापासून पहिले फळ यायला तीन-चार वर्षे लागतात आणि नंतर तेच झाड पंचवीस-तीस वर्षे चांगले पीक देते, त्यामुळे आजच्या भावाकडे पाहून घेतलेला कोणताही निर्णय फळाला येतो तेव्हा तो भाव उरलेला नसतो. 1989 च्या जुलैत भाव टिकून राहावेत म्हणून प्रत्येक देशाने किती कॉफी निर्यात करायची हे ठरवून देणारी आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटापद्धत मोडली आणि भाव कोसळले, तेव्हा झाडे उपटून दुसरे पीक घ्यावे असा आग्रह मी वडिलांकडे धरला होता. त्यांनी उलट वरच्या उतारावरच्या मोकळ्या जागा नव्या रोपांनी भरून काढल्या. 1994 मध्ये ब्राझीलच्या बागा कडाक्याच्या थंडीने करपल्या, भाव उसळला, आणि आमची ती रोपे नेमकी तेव्हा फळावर आलेली होती. त्या वेळी मला ती वडिलांची दूरदृष्टी वाटली. आज मी तसे म्हणणार नाही, कारण ब्राझीलमधली थंडी त्यांना दिसलेली नव्हती, आणि चढ्या भावाच्या भरात ज्यांनी कर्ज काढून लागवड वाढवली त्यातले कितीतरी जण 2001 मध्ये, भाव तीस वर्षांतल्या नीचांकावर गेले तेव्हा, देशोधडीला लागले.

पण एवढ्यानेच माझे उत्तर पूर्ण होत नाही. त्यासाठी 2001 मधली वाटणीची बैठक सांगावी लागेल.

वडील त्या वर्षी गेले. ताईला आणि मला सारखा वाटा होता, आणि ताईने पैसे नव्हे तर जमीन मागितली. ती मागणी पोकळ नव्हती. गर काढलेल्या बिया टाकीत आंबत ठेवल्या की त्या केव्हा धुवायच्या हे मी घड्याळ पाहून ठरवीत असे. ताई मूठभर बिया हातात चोळून पाही, बुळबुळीतपणा जाऊन खरखर लागली की पाणी सोडायला सांगे, आणि तिचा अंदाज माझ्यापेक्षा अचूक असे. मी तिला सांगितले की मळ्याचे तुकडे होऊ शकत नाहीत, कारण झरा, गर काढण्याचे यंत्र, टाक्या आणि वाळवणाचे अंगण हे सारे एकाच बाजूला आहे, आणि तिच्या वाट्याला येणाऱ्या खालच्या उतारावर कॉफी पिकली तरी ती धुवायला पाणी मिळणार नाही. यातला शब्द न् शब्द खरा होता. मात्र त्या युक्तिवादाने माझी सोयही होत होती, हे तिने त्याच बैठकीत बोलून दाखवले. तिने विचारले, ‘तुकडे होऊ नयेत एवढेच असेल, तर अख्खा मळा मी का सांभाळू नये?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. मी म्हणालो की इतकी वर्षे येथे मी राहिलो आहे, आणि बाकीचे नातेवाईक माझ्या बाजूने बोलले.

जमिनीचे मोल त्या वर्षीच्या भावाप्रमाणे ठरले. मी कर्ज काढून तिचा वाटा पूर्ण चुकता केला, एक पैसाही बुडवला नाही, आणि त्या क्षणी दुसऱ्या कोणी तिला याहून अधिक दिले नसते. असे मी चोवीस वर्षे सांगत आलो आहे आणि ते आजही खरे मानतो. तरीही, मळा अखंड राहिला पाहिजे एवढ्याच आधारावर मी बहिणीला जमिनीपासून दूर ठेवले, आणि आता तोच मळा विक्रमी भावात कोणा तिसऱ्याला विकला, तर त्या दिवशीचा माझा युक्तिवाद म्हणजे स्वस्तात वाटा लाटण्याची युक्ती ठरेल. इतरांनी काही म्हटले तरी मी सोसेन. माझ्याच मनात तो तसा ठरेल, हे मला सहन होणार नाही. म्हणून मी विकत नाही.

मुलीवर हे ओझे टाकण्याचा मला अधिकार आहे का, असे तुम्ही पुढे विचाराल. तो मला आहे असे वाटत नाही, आणि तिला मी तसे सांगितलेही आहे. वडिलांनीही मला कधी विचारले नव्हते, आणि त्याचा राग मला बरीच वर्षे होता.

यंदाची तोडणी संपल्यावर मी ताईकडे गेलो आणि तेव्हाच्या व आताच्या मोलातल्या फरकाचा काही भाग तिला देऊ केला. तिने तो नाकारला आणि खालचा उतार पुन्हा मागितला. मी अजून होकार दिलेला नाही, कारण पाण्याची अडचण आजही तशीच आहे. ताईचे म्हणणे असे की एवढ्या वर्षांत तिथवर नळ नेता आला असता.