तुम्ही विचारलंत म्हणून: सर्व्हरला लॅन कार्ड कुठलं टाकू?

लातूर-नांदेडकडून क्लासवाल्यांचे, दवाखानेवाल्यांचे फोन येतात न प्रश्न ठरलेला, "दादा, जुन्या पीसीवर सर्व्हर करायलोय, लॅन कार्ड कुठलं घेऊ?" माझा उलटा सवाल असतो की त्याच्यावर सिस्टीम कुठली टाकायलाव ते आधी सांगा.

कारण डब्यावरच्या कंपनीचं नाव काही कामाचं नाही, आत चिप कुठली आहे आणि तिचा ड्रायव्हर (म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) तुमच्या सिस्टीममधे आधीपासून आहे का एवढंच बघायचं. प्रॉक्समॉक्स, म्हणजे एका पीसीवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवायची सिस्टीम, डेबियनवर उभंय म्हणजे लिनक्स, तिथं रिअलटेक कंपनीच्या चिपचं साधं 1 गिगाबिटवालं कार्ड बहुतेक वेळा गुपचूप चालतं, मग उगं खर्च कशाला, बोर्डावरचंच वापरा की. पण ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्सचा फायरवॉल करायचा म्हटलं तर खाली फ्रीबीएसडी, म्हणजे लिनक्सहून वेगळी सिस्टीम, येतं आणि तिथं रिअलटेकची गोष्ट वेगळी. उदाहरणार्थ रिअलटेकचीच 2.5 गिगाबिटची आरटीएल8125 चिप, लिनक्सचा आर8169 ड्रायव्हर तिला ओळखतो, फ्रीबीएसडीच्या जुन्या आरई ड्रायव्हरमधे ती नव्हतीच, वेगळं पॅकेज टाकावं लागायचं, आता पॅकेज आणायला नेट पाहिजे आणि नेटसाठी कार्ड चालू पाहिजे, बसा मग पेनड्राइव्ह घेऊन.

फायरवॉलसाठी मी डोळे झाकून इंटेलची आय210 किंवा चार पोर्टवाली आय350 सांगतो, दोन्ही आयजीबी ड्रायव्हरवर चालतात, जुनी आहेत पण भरवशाची. म्हणून इंटेलचं सगळंच चांगलं असंही नाही बरं का, आय225 च्या सुरुवातीच्या चिपमधे डिझाइनचाच घोळ होता, 2.5 गिगाबिटवर पॅकेट (डेटाचे तुकडे) गळायचे, पुढं चिपच्या बी3 या सुधारित आवृत्तीमधे दुरुस्त केलं. आणि आय350 नवीकोरी म्हणून फारच स्वस्तात कोणी देत असेल तर ती नकली असायची शक्यता जास्त, त्यापेक्षा सर्व्हरमधून काढलेली जुनी बरी.

10 गिगाबिटची हौस असली तर इंटेलची एक्स520 जुन्या बाजारात मिळते, पण तिला बोर्डावर एक्स8 (x8) मापाचा लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉट लागतो, आणि इंटेलचं कोडिंग नसलेलं एसएफपी मॉड्यूल (केबल जोडायला पोर्टमधे बसवायचा तुकडा) ती आपणहून घेत नाही, लिनक्सवर ड्रायव्हरला वेगळं सांगावं लागतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे गरमी. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार पंख्यांच्या हवेसाठी बनवलेली, आपल्या टॉवर कॅबिनेटमधे तेवढी हवा फिरत नाही, त्यात मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा 42 च्या वर, आणि सर्व्हर बहुतेक जिन्याखाली किंवा पत्र्याच्या खोलीत. हीटसिंकवर एक छोटा फॅन बसवाच. खरं विचाराल तर क्लासची लाइन 100 एमबीपीएसची असताना 10 गिगाबिट कशाला पाहिजे हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आधीच कार्ड हाताशी असेल तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून बूट करा आणि टर्मिनलमधे एलएसपीसीआय -एनएनके (lspci -nnk) ही कमांड चालवा, कोण ड्रायव्हर लागलाय ते तिथंच दिसतं, चौकोनी कंसातला नंबर 8086 नी सुरू झाला म्हणजे इंटेल. ऑनलाइन जुनं घेणार असाल तर विकणाऱ्याला चिपवरचा नंबर वाचता येईल असा फोटो मागा, आणि ब्रॅकेट, म्हणजे केसला स्क्रूनं बसणारी पत्र्याची पट्टी, फुल हाइट (उंच) आहे का लो प्रोफाइल (बुटकी) तेही विचारा, ते कोणीच विचारत नाही न मग कार्ड केसमधे बसत नाही म्हणून परत फोन येतो.